एडक्याचा रंग

थकून गेलो आणि थकूनच परत आलो, हे आधीच सांगून टाकतो. प्रवासानं माणूस ताजातवाना होतो म्हणतात. मी परभणी जिल्ह्यातून आलो तो गुडघ्याला तेल चोळत. ज्यांना तिकडं जायचं असेल त्यांनी जरूर जावं, जेवण उत्तम आहे आणि माणसं तोंडावर बोलणारी आहेत. फक्त माझ्यासारखं जाऊ नये.

मी चिपळूणचा. एकतीस वर्षं लग्नांचे फोटो काढले. पिवळी हळद, हिरवा चुडा, लाल शालू, आणि मुंडावळ्यांमागं घामानं लालबुंद झालेला नवरदेव. त्यातून सुटून घरी यावं तर खिडकीबाहेर कोकणचा पावसाळा, चार महिने नुसतं हिरवं. लोक मुद्दाम गाड्या करून ते हिरवं बघायला येतात. मला मात्र रोज ताटात तीच भाजी यावी तसं झालं होतं. शेवटी काही वर्षांपूर्वी स्टुडिओ बंद केला आणि साठवलेलं सगळं घालून एक कॅमेरा घेतला, जो फक्त काळं-पांढरं टिपतो. बटण दाबून रंग घालवायचे, असला प्रकार नाही. रंग ओळखण्याची सोयच त्याच्या पोटात नाही. त्याला उजेड कळतो आणि अंधार कळतो, बस.

"एवढा खर्च करून कमी दिसणारा कॅमेरा कोणी घेतं का?" सुलभा म्हणाली. सुलभा म्हणजे माझी बायको.

"मला कमीच बघायचंय आता," मी म्हणालो. ते खरंच होतं. माणसंही नकोत असं ठरवलं होतं. जमीन, दगड, पाणी, आकाश. यांना 'जरा हसा' म्हणावं लागत नाही.

आमच्या माडीवर एक गुरुजी भाड्यानं राहतात. कोकणातल्या शाळांमध्ये मराठवाड्याचे बरेच गुरुजी असतात, हे त्यांतलेच, सोनपेठ तालुक्यातले. ते म्हणाले, "काका, होळीच्या आधी आमच्याकडं जा. ज्वारी निघाली की नुसतं काळं रान. तुमच्या कॅमेऱ्याला लय आवडंल." त्यांचे वडील शेषराव गावी शेती बघतात, त्यांना फोन गेला, आणि मी निघालो. वाटेतल्या गाड्यांबद्दल लिहीत नाही. कंबर होती तिथंच राहिली एवढं पुरे.

जिंतूर

सोनपेठला जाण्याआधी जिंतूरच्या टेकड्या बघायच्या म्हणून आधी तिकडं उतरलो. स्टँडजवळच्या लॉजवर बॅग टाकली आणि समोरच्या खानावळीत येसर आमटी खाल्ली. भाजलेल्या धान्याचं पीठ घालून केलेली ही आमटी, बरोबर ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. पूर्ण चार दिवसांत खोबऱ्याचा एक कण जिभेला लागला नाही आणि मला त्याची आठवणही आली नाही. हे सुलभाला अजून सांगितलेलं नाही.

"कशाचे फोटो काढायलात?" मालकानं विचारलं.

"मातीचे."

"मातीचे? कामून?" त्यानं भाकरी वाढायची थांबवून माझ्याकडं नीट पाहिलं. माझ्याजवळ उत्तर होतं, पण तोंड भाजत होतं.

ते उत्तर इथं देतो. दुपारनंतर मी गावाबाहेरच्या एका टेकडीवर चढलो. खाली कापसाचं रान होतं, वेचणी संपलेली, पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. तोच देखावा रंगीत काढला असता तर बघणारा 'अरेरे, किती रखरखीत' म्हणून पान उलटून गेला असता. रंग आधी बोलतो, आणि एकदा बोलला की दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही. लग्नात शालू बघतात, नवरीचा चेहरा नंतर. रंग काढून घेतला की त्या रानात नांगराच्या रेघा दिसायला लागतात. एक रेघ मधेच वाकलेली असते, कारण तिथं कधीतरी झाड होतं आणि बैल वळायचे. असलं काहीतरी दिसावं म्हणून मी हा खटाटोप करतो.

तेवढ्यात ट्रायपॉडचा एक पाय जमिनीच्या भेगेत गेला आणि कॅमेरा वाचवताना मी आडवा झालो. कॅमेरा वाचला. गुडघ्याचं आधी लिहिलंच आहे.

पाथरी

पाथरीला दर्शनाला लांबलांबची माणसं येतात. मी जीपमधून उतरलो तर असंच एक कुटुंब रस्त्याकडेला उभं होतं. गळ्यात एवढा मोठा कॅमेरा बघून त्यांतले काका म्हणाले, "आमचा एक काढा की, साहेब." माणसं काढायची नाहीत हे ठरलेलं होतं, पण एकतीस वर्षांची सवय, 'जरा जवळ या' कधी म्हणालो ते माझं मलाच कळलं नाही.

मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवला. काकू वाकून बघत होत्या, त्या एकदम सरळ झाल्या.

"अगं बाई! माझं कुंकू काळं केलं यांनी!"

मी कॅमेऱ्याचं सगळं शास्त्र सांगितलं. लाल रंग त्यात गडद येतो, त्यात वाईट काही नाही, वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं नाही. काकांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "यातून काढा, यात सगळं बराबर येतं." मी निमूटपणे त्यातून काढला. त्यांनी मला प्रसादाचे पेढे दिले आणि 'बिचाऱ्याचा कॅमेरा बिघडलाय' अशा नजरेनं निरोप दिला.

सोनपेठच्या पुढं, पहिला दिवस

सोनपेठच्या स्टँडवर शेषराव मोटारसायकल घेऊन उभे होते. साठीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. गाव तिथून पुढं गोदावरीच्या काठावर. घरी गेल्या गेल्या पाट, तांब्या, धपाटे, दही आणि करडईच्या तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. मोबाईलची बॅटरी संपली होती म्हणून तो त्यांच्या घरी लावून ठेवला आणि उन्हं कलायच्या आधी रानात गेलो.

रान बघितलं आणि गुरुजींचे उपकार वाटले. काळी जमीन थेट नदीपर्यंत उतरत गेलेली, मधे एक मातीची उभी घसरण, खाली पाण्याची चकाकती पट्टी. आणि रानाच्या मध्यावर जाळीच्या कुंपणात मेंढरं.

इकडं शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवतात. आठ-दहा दिवस कळप त्या रानात रात्री मुक्काम करतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, त्याबद्दल धनगराला धान्य मिळतं. आमच्याकडं भाताआधी पालापाचोळा घालून जमीन भाजतात. धूर खाऊन वर अंग काळं होतं. इकडचं काम मेंढ्या झोपेत करतात. मला हे फारच पटलं.

शेषरावांच्या रानात गयाबाईचा कळप होता. गयाबाई पन्नाशीची, उंच, उन्हानं रापलेली. नवरा नाही, मुलगा दुसरा कळप घेऊन लांब गेलेला. शेजारच्या रानात दादाराव नावाच्या धनगराचा कळप. दोघांची पाण्याची वाट एकच, म्हणून वेळा वाटून घेतलेल्या: सकाळी गयाबाईची मेंढरं नदीवर जाणार, संध्याकाळी दादारावची.

त्या दिवशी दोन्हीकडं लोकर कातरून झाली होती. लोकरीबरोबर अंगावरची खूणही जाते, म्हणून कातरल्यावर लगेच प्रत्येक जनावराच्या पुठ्ठ्यावर रंगाचा नवा पट्टा ओढतात. गयाबाईचा रंग लाल, दादारावचा हिरवा. काडीला चिंधी गुंडाळून, डब्यातला तेलरंग घेऊन तिचं काम नुकतंच संपलं होतं. कळपात एक काळा एडका होता, नाकावर पांढरा पट्टा, मागच्या एका पायाला पांढरा मोजा घातल्यासारखा डाग. तिनं तो कौतुकानं दाखवला.

"नवा घेतलाय, भाऊ. दोन मेंढ्या देऊन. आठ दिस झाले. पुढच्या साली सगळी कोकरं याचीच."

त्याचा जोडीचा भाऊ, पायाच्या डागासकट अगदी तसाच, दादारावनं त्याच माणसाकडून घेतला होता. कानाला कायमची खूण करायची ती दोघांचीही राहिली होती. नव्या जागी जनावर रुळल्यावरच कान कापतात म्हणे, नाहीतर ते बुजतं.

मी हे ऐकत होतो, पण डोळे घसरणीवर होते. सूर्य नदीपलीकडं उतरत होता. त्या घसरणीवरून मेंढरं खाली आली असती, तर त्यांची धूळ आणि त्यावरचा उजेड... मी गयाबाईला विचारलं.

"भाऊ, रंग वल्ला हाय," ती म्हणाली. "वाळूस्तवर हलवत नसत्यात. आन् ही येळ बी आमची न्हाई. दादारावची मेंढरं आत्ता वर येतेन."

"दहाच मिनिटं," मी म्हणालो. "उजेड जाईल."

ती जरा थांबली. मी शेषरावांचा पाहुणा होतो आणि तिची मेंढरं शेषरावांच्या रानात होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं. तिनं जाळी बाजूला केली.

मी दिवसात फार फोटो काढत नाही. एकच काढतो, पण त्याची वाट बघतो. मेंढरं घसरणीवर पसरली, धूळ उठली, सूर्य त्या धुळीत शिरला. तेवढ्यात उजवीकडून, खालून, दुसरा कळप वर येताना मला दिसला. मी उंचावर होतो, गयाबाई कळपाच्या मागं. तिला तो दिसणं शक्य नव्हतं, मला स्पष्ट दिसत होता. ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही, कारण उजवी बाजू रिकामी होती आणि ती आता भरत होती. दोन्ही कळप एकमेकांत मिसळले, मधोमध एका काळ्या एडक्यानं मान वर केली, आणि मी बटण दाबलं.

आयुष्यात असा फोटो मी काढला नव्हता. ते मला तिथंच कळलं.

मग आरडाओरडा झाला. दादाराव खालून धावत आला, गयाबाई वरून. हाका मारून, हुसकून, दिवेलागणीपर्यंत दोघांनी आपापली मेंढरं वेगळी केली. मीही दोन-तीन मेंढ्यांच्या मागं लंगडत धावलो आणि त्या दोन-तीनही चुकीच्या बाजूला घातल्या. मोजदाद झाली तेव्हा मेंढ्या जुळल्या. एडका मात्र एकच उरला. दुसरा बहुधा शेजारच्या उसात शिरला. उसात रात्र काढलेलं जनावर सहसा सापडत नाही, तिकडं कुत्री फिरतात. तो सापडला नाही.

उरलेल्या एडक्याच्या अंगावर लाल रंग होता आणि हिरवाही होता. ओल्या रंगाची एवढी जनावरं एकमेकांना घासली होती की कितीतरी मेंढ्यांची तीच गत होती. पण मेंढ्या ओळखीच्या होत्या, त्यांचे कान कापलेले होते. हा नवा होता.

"माजा हाय," गयाबाई म्हणाली. "पायाचा डाग बघ."

"माज्याच्या बी त्याच पायाला डाग हुता," दादाराव म्हणाला. तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते. आठ दिवसांत कोणाचं कितीसं लक्ष असणार?

दुसरा दिवस

सकाळी पलीकडच्या शिवारातून धोंडिबा आबा आले. धनगरांमधलं काही भांडण असलं की त्यांना बोलावतात. म्हातारे, काठी टेकत आलेले, माझ्याहून थकलेले दिसले आणि मला उगीच बरं वाटलं. शेषरावांनी बाभळीखाली घोंगडी अंथरली.

शेषरावच म्हणाले, "पाव्हण्यांनी फोटो काढलाय की काल. त्यात दिसंल."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मीही, खरं सांगतो, क्षणभर उत्साहानं कॅमेरा उघडला. फोटो मोठा करून एडक्यावर आणला. काय सुरेख आला होता! नाकावरचा पट्टा, पायाचा पांढरा डाग, शिंगाच्या वळ्या, लोकर कातरल्याच्या रेघा. बाभळीला बांधलेल्या एडक्याशी वळ्या ताडून बघितल्या, जनावर तेच, त्यात शंका नाही. आणि पुठ्ठ्यावर रंगाचा एकच पट्टा. म्हणजे दुसरा रंग तोवर लागला नव्हता. हा पट्टा ज्याचा, एडका त्याचा.

पट्टा करडा होता.

दादाराव आणि गयाबाई दोन्हीकडून वाकले. मी बाजूच्या मेंढ्या दाखवल्या. सगळ्यांच्या पुठ्ठ्यावर तोच करडा. लाल आणि हिरवा सारख्याच गडद असले तर माझ्या कॅमेऱ्याला ते एकच दिसतात. हे मला पाठ होतं. स्टुडिओत येणाऱ्या पोरांना मी हे कौतुकानं शिकवायचो.

"रंग आत आसंल की कुठंतरी," दादाराव म्हणाला. "काढा की भायेर."

"नाही. आतच आलेला नाही."

"माज्या साध्या मोबाईलमधी बी रंग येतात," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरोखर कळत नव्हतं. माझा मोबाईल तर काल त्या वेळी शेषरावांच्या घरी भिंतीला लटकलेला होता.

गयाबाईनं कॅमेरा हातात घेतला. बराच वेळ बघितलं.

"लाल हाय," ती म्हणाली.

"कुठं दिसायलाय लाल?" आबांनी विचारलं.

"मला दिसायलाय."

आबांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळले. "पाव्हणे, फोटो ऱ्हाऊ द्या. तुमी सोता तिथं हुतात. डोळ्यांनी बघितलं आसंल की नव्हं? तेवढं सांगा."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला, म्हणजे देवाची हळद, आणि माझ्या तळहातावर ठेवला. हे हातात घेऊन खोटं बोलायचं नसतं.

मी डोळे मिटून तो क्षण आठवायला लागलो. धूळ आठवली, धुळीतून येणारी किरणं आठवली. एडक्याची मान, मानेच्या कडेवरची प्रकाशाची रेघ. पट्टासुद्धा आठवला, काळ्या पाठीवर उजळ पट्टा. त्याचा रंग आठवेना. मी पुन्हा पुन्हा तिथं गेलो आणि दर वेळी मला फोटोच दिसला. गेली काही वर्षं मी डोळ्यांना हीच शिकवण दिली होती की रंगाकडं बघू नका. ते शिकले होते.

एक शब्द बोलायचा होता. 'लाल' म्हणालो असतो तर कोणी मला खोटं पाडणार नव्हतं. गयाबाई माझ्याकडं बघतही नव्हती, जमिनीकडं बघत होती. पण दादारावच्याही वर्षभराच्या कोकरांचा प्रश्न होता, आणि तो मात्र सरळ माझ्याकडं बघत होता.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. आणि हातात भंडारा होता म्हणून बाकीचंही सांगितलं. रंग ओला आहे, ही वेळ माझी नाही, असं गयाबाई म्हणाली होती. मीच तिला भरीस घातलं. दुसरा कळप येताना मला वरून दिसला होता आणि फोटोसाठी मी गप्प राहिलो.

मला खूप लाज वाटली. अजूनही वाटते.

आबांनी दुपारी फैसला सांगितला. दोन्ही कळप समोरासमोर आणायचे, एडका मधे सोडायचा, जिकडं जाईल त्याचा. पुढच्या कातरणीपर्यंत तो तिकडं राहील, मग पुन्हा बसू.

ऊन रणरणत होतं. भांडणाच्या नादात सकाळी गयाबाईची मेंढरंही पाण्यावर गेली नव्हती. एडका सकाळपासून बाभळीला बांधलेला. त्याला सोडलं तेव्हा तो मधे उभा राहून नुसता धापा टाकत होता. गयाबाईनं जीभ टाळूला लावून हाक मारली. त्यानं कान हलवला. दादारावनं शीळ घातली, त्यालाही कान हलवला. दोघं थांबले. मग एडक्यानं नाक वर केलं, वास घेतला, आणि नदीच्या बाजूला चालायला लागला. नदीच्या बाजूला दादारावचा कळप उभा होता. एडका त्या कळपात शिरला, कळपातून पलीकडं गेला, आणि घसरण उतरून पाण्याला तोंड लावलं.

"गेला," आबा म्हणाले.

"तान्हेला हुता तो!" गयाबाई ओरडली. "पाण्याकडं गेला, त्याच्या मेंढरांकडं न्हाई गेला!"

तिचं बरोबर होतं. मी पुढं झालो. "आबा, ती खरं सांगतेय. त्याला तहान लागली होती. मी बघितलं, तो कळपात थांबला नाही."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नव्हते, दमले होते.

"पाव्हणे, तुमी आता नका बोलू. बोलायची येळ हुती तवा गप ऱ्हायलात."

तिसरा दिवस

सकाळी निघायचं होतं. शेषराव मोटारसायकल पुसत होते आणि माझ्याशी नेहमीसारखंच, म्हणजे थोडं, बोलत होते. त्यांच्या घरच्यांनी भाकरी बांधून दिली. पाहुण्याला कमी पडू द्यायचं नाही ही रीत माझ्यासाठीही पाळली गेली, याचं मला ओझं वाटलं.

गयाबाई रानाच्या कडेला उभी होती. मी गाडीवरून उतरलो. माफी मागायची होती, पण तीच आधी बोलली.

"ते फोटू हाय का आजून?"

"आहे."

"पुसून टाका."

मी कॅमेरा छातीशी धरला.

"पुढच्या कातरणीला परत बसायचंय," ती म्हणाली. "तवर दादाराव म्हणंल, त्या पाव्हण्याच्या फोटूत बगा, एडका माज्याच मेंढरांत उभा हाय. रंग तर दिसंना झालाय. मंग उभा कुठं हाय तेवढंच बघतेन लोक. तुमी गावाला जाल. मला हितंच ऱ्हायचंय."

मी म्हणू शकलो असतो की फोटो कोणाला देणार नाही. चिपळूणला पेटीत ठेवीन, मीच बघीन. ते म्हणण्यासाठी तोंडही उघडलं होतं. त्या फोटोची मी किती वर्षं वाट बघितली होती हे तिला सांगावंसं वाटलं. मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कॅमेरा उघडला. फोटो स्क्रीनवर आला. दिवसाच्या उजेडातही तो उत्तम होता.

"कुठं दाबायचं?" तिनं विचारलं.

मी बटण दाखवलं. तिनं अंगठ्यानं दाबलं. कॅमेरा विचारतो, नक्की पुसायचं का. मी ते तिला वाचून दाखवलं.

"व्हय म्हणा," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. स्क्रीनवर पाथरीचा रस्ता आला.

"जावा आता. संबाळून जावा," ती म्हणाली आणि मेंढरांकडं वळली. एडका नसलेला कळप मला तरी तसाच दिसला, पण मला काय कळतं त्यातलं.

चिपळूण

सुलभानं चहा दिला, गुडघा बघितला, आणि फोटो मागितले. जिंतूरची टेकडी दाखवली, पाथरीचा रस्ता दाखवला. सोनपेठचं काहीच नव्हतं म्हणून तोंडी सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही, असं क्वचित होतं. कळप, रंग, आबा, नदी, सगळं ऐकलं. अंगठ्यानं बटण दाबलं तिथपर्यंत आलो तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला.

मग म्हणाली, "कशी दिसते हो गयाबाई?"

मी सांगितलं. उंच आहे, खांदे रुंद, गालाची हाडं वर आलेली, उन्हात उभी राहिली की डोळ्यांखाली गडद सावली पडते, कपाळावर मात्र उजेड असतो. हाताच्या शिरा दिसतात.

"आणि लुगडं कुठल्या रंगाचं नेसते?"

मी बसल्या जागी आठवू लागलो. तीन दिवस ती माझ्यासमोर होती. पहिल्या संध्याकाळी जाळी बाजूला करताना, बाभळीखाली बसलेली असताना, आणि त्या सकाळी तर माझ्यापासून हातभरावर. चहा निवून गेला तरी मी आठवतच होतो.